ड्रमरचा हात, क्लिक आणि ग्रिड : गाणं आवडण्यामागची पार्श्वभूमी

ड्रम मशीनने आणि नंतर कॉम्प्युटरने गाण्यातला जीव काढून घेतला असं म्हणणारे आणि ते साफ खोटं आहे म्हणणारे, दोघंही १९८० पासून भांडतायत आणि भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. ठोका अगदी काट्यावर पडला की केसभर पुढेमागे, यावर जेवढा जीव काढला जातो तेवढा ऐकणाऱ्याच्या आनंदाशी त्याचा संबंध नाही. ठोका किती जोरात पडला, कुठला ठोका मुद्दाम खाल्ला आणि आपल्याला किती वेळ वाट बघायला लावली, यानं फार जास्त फरक पडतो. असं का म्हणतोय ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

फार मागे नको. एक माणूस बसून सगळा सेट वाजवतो ही गोष्टच मुळात नवी आहे. १९०९ मध्ये शिकागोत किक ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, चांगल्या चालणाऱ्या पेडलचं पेटंट घेतलं गेलं, त्याआधी एकतर दोन-तीन माणसं लागायची किंवा एकच जण काठीने कधी मोठा ड्रम कधी स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) असं करत राहायचा. पेडलमुळे किक आणि स्नेअरचं नातं एकाच डोक्यात ठरायला लागलं आणि ड्रमरची ‘स्टाईल’ म्हणून जे काय आपण ओळखतो ते इथून सुरू झालं. सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐकून तेव्हाच्या ड्रमिंगबद्दल मत बनवू नये, कारण भोंग्यात वाजवून रेकॉर्ड करायच्या काळात मोठ्या ड्रमचा दणका सुईला झेपायचा नाही, म्हणून तो बऱ्याचदा गाळायचे आणि लाकडी ठोकळ्यांवर भागवायचे. १९२५ मध्ये मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा कुठे हळूहळू खरा आवाज लोकांपर्यंत यायला लागला.

१९३० च्या दशकात स्विंग जॅझमध्ये चारही बीटवर हलकी किक, १९४० च्या दशकात बीबॉप हा वेगळ्या धाटणीचा जॅझ आला तसा लय सांभाळायचा भार किकवरून राइड सिंबलवर (काठीने सतत वाजवायच्या पितळी थाळीवर) गेला आणि किक मोकळी झाली, मध्येच अनपेक्षित दणके द्यायला. नाचणारे त्यावर वैतागले आणि बसून ऐकणारे खूश झाले, म्हणजे ड्रमरने पाय कुठे ठेवला यावरून श्रोता नाचणार की बसणार हे ठरलं. राइडवरच्या स्विंगचं, म्हणजे जोडीतला पहिला ठोका लांब आणि दुसरा आखूड ठेवण्याचं, मोजमाप २००२ मध्ये झालं, त्यात दिसलं की संथ गाण्यात लांब आणि आखूड ठोक्याचं प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जातं आणि लय फार वाढली की जवळपास एकास एक होतं. म्हणजे पुस्तकात छापलेला ‘दोनास एक’वाला स्विंग प्रत्यक्षात बऱ्याचदा कुणी वाजवतच नव्हतं.

मग १९५० च्या आसपास ऱ्हिदम अँड ब्लूजमधून चार ठोक्यांच्या बारमध्ये दोन आणि चारवर स्नेअरचा फटका पक्का बसला आणि तो आजतागायत हललेला नाही. माझ्या मते लोकप्रिय गाण्यांच्या श्रोत्याला मिळालेली ही सगळ्यात मोठी भेट, कारण टाळी कुठे वाजवायची हे आता कुणाला शिकवावं लागत नाही. गंमत अशी की तो फटका एकदा सगळ्यांच्या कानात बसला तशी तो हलवायची, उशिरा द्यायची, गाळायची मुभा मिळाली. जमैकात रेगेवाल्यांनी बारचा पहिला ठोकाच रिकामा सोडला आणि तिसऱ्यावर किक आणि रिम (स्नेअरच्या काठावरचा टोला) एकत्र टाकली, अमेरिकेत फंकवाल्यांनी उलटं केलं, सगळा जोर पहिल्या ठोक्यावर आणि बाकी बारभर स्नेअरवर अगदी पुटपुटल्यासारखे हलके घोस्ट नोट्स.

१९६९ च्या एका सिंगलच्या बी साइडवरचा ड्रम ब्रेक, म्हणजे बाकी सगळे थांबून एकटा ड्रम वाजतो तो तुकडा, इथे नीट बघण्यासारखा आहे, कारण सगळं त्या चार बारमध्ये आहे आणि चार बार म्हणजे सुमारे ७ सेकंद. पहिले दोन बार एकसारखे, श्रोत्याला वाटतं समजलं आपल्याला. तिसऱ्या बारमध्ये शेवटचा स्नेअर अर्धा बीट उशिरा येतो. चौथ्यात पहिला ठोकाच नाही, मग आडवेतिडवे दोन-तीन फटके आणि शेवटी अपेक्षेच्या आधीच क्रॅश सिंबल. आधी विश्वास बसवायचा, मग थोडा हलवायचा, मग पार पायाखालची फळी काढायची आणि वेळेवर झेलायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ या शैलींचं इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांनी हाच तुकडा सॅम्पलरवर (रेकॉर्ड केलेला तुकडा हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रावर) वेग वाढवून, चिरून, उलटसुलट करून हजारो गाण्यांत वापरला आणि तरी तो ओळखू येतो, नुसता वेळ नाही तर त्या ड्रमरच्या हाताचं कमीजास्त वजन त्यात राहिलंय म्हणून. वाजवणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळाला नाही आणि तो २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला. हे नुसतं हळहळून सोडून देण्यासारखं नाही, कारण कायद्याने चाल आणि शब्द ही ‘रचना’ मानली आणि ठेका मानला नाही, त्याचाही यात हात आहे.

आता क्लिकचं. कानात टिकटिक ऐकत वाजवायची पद्धत मुळात सिनेमाच्या संगीतातली, खास करून कार्टूनची, १९३० च्या आसपासची, कारण पडद्यावर पाय पडला की ठोका पडायलाच हवा. गाण्याच्या स्टुडिओत ती खऱ्या अर्थाने १९७० च्या दशकात शिरली आणि कारणं अगदी व्यवहाराची होती. चोवीस ट्रॅकची टेप आली, ड्रम आज आणि गिटार पुढच्या आठवड्यात असं काम सुरू झालं, दोन टेक कापून जोडायचे तर दोन्हींची लय सारखी हवी, सिंथेसायझरचे सीक्वेन्सर तर स्वतःहून कुणासाठी थांबत नाहीत. त्यात डिस्को. क्लबमध्ये एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना लय डगमगली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, त्यामुळे चारही बीटवर किक आणि मधल्या जागी उघडी हाय-हॅट हा १९७३ च्या आसपास फिलाडेल्फियात रुजलेला ठेका जितका सरळ चालेल तितका बरा. १९७७ च्या एका प्रचंड गाजलेल्या डिस्को गाण्यात तर ड्रमर घरच्या दुःखद प्रसंगामुळे निघून गेला होता म्हणून त्याच बँडच्या दुसऱ्या गाण्यातले दोन बार टेपवर कापून त्यांचा लूप, म्हणजे गोल फिरत राहणारी टेप, केला आणि तो अख्ख्या गाण्यात फिरवला. तेच दोन बार, गाणं संपेपर्यंत. आणि जग त्यावर नाचलं. जिवंतपणा म्हणजे दर बारला काहीतरी वेगळं, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

पण क्लिकच्या विरोधात बोलणारे मूर्ख नव्हते हेही तितकंच खरं. १९६० आणि ७० च्या दशकातली कितीतरी चांगली रेकॉर्ड्स मोजून बघितली तर कोरस येताना लय मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी (बीपीएमने) चढलेली सापडते आणि अंतऱ्याला परत बसलेली. ऐकताना कुणी म्हणत नाही की वेग वाढला, नुसतं अंगात काहीतरी वर गेल्यासारखं वाटतं. सपाट क्लिक लावला की हे गेलंच. दुसरीकडे जे रोज क्लिकवर वाजवतात ते सांगतात की क्लिक हा तुरुंग नाही, त्याच्या पुढे झुकून वाजवता येतं, मागे रेलून वाजवता येतं, आणि बरोब्बर त्यावर पडायला लागलात तर क्लिक ऐकूच येईनासा होतो कारण स्नेअर त्याला झाकून टाकतो. थोडं मागे रेलून वाजवलं की गाणं मोठं, निवांत वाटतं, पुढे झुकलं की घाईचं, तापलेलं. हे नियंत्रण क्लिकमुळे उलट वाढलं असं मानणारा मोठा गट आहे आणि ऐकून बघितलं तर त्यांचं म्हणणं पटतं. माझ्या लेखी क्लिक वापरणं हा निर्णय चुकीचा नव्हता, प्रत्येक गाण्याला एकच आकडा देऊन तो शेवटपर्यंत न हलवणं हा आळस होता. क्लिकचा वेग कोरसला वाढवता येतो, पुढे ते अगदी सोपंही झालं, तरी फार थोड्यांनी केलं.

१९८० मध्ये दोन ड्रम मशीन आली. एकात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते, महाग, मोठ्या स्टुडिओंसाठी. दुसरं रोलँड कंपनीचं टीआर-८०८, त्याचे आवाज सर्किटमधून तयार केलेले, खऱ्या ड्रमशी फारसं साम्य नाही, सुमारे १२,००० नग बनवून १९८३ मध्ये बंद केलं. बंद झाल्यावर जुन्या बाजारात स्वस्त मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडे स्टुडिओचे पैसे नव्हते त्या हिपहॉप आणि हाऊस संगीतवाल्या पोरांनी ते उचललं. त्याची लांबलचक घुमणारी किक आज बेसचं काम करते आणि श्रोत्यांना ती खऱ्या किकपेक्षा जास्त ओळखीची आहे.

त्याच वेळचं, १९८१ च्या जानेवारीत आलेलं एक गाणं या सगळ्या वादाचं एका जागी उत्तर आहे असं मला वाटतं. सुरुवातीची साडेतीन मिनिटं त्यात मशीन टिकटिकतं, बारीक, कोरडं, एकाच जोराचं. मग एकदम खरे टॉम्स (घुमणारे ड्रम) कोसळतात. तो आवाजही तेव्हा नवाच होता, लंडनच्या एका स्टुडिओत संगीतकारांचं बोलणं ऐकायला टांगलेल्या माइकमधून ड्रम चुकून भलतेच भारी ऐकू आले, त्यावरून खोलीतला घुमारा फुगवायचा आणि मग कापल्यासारखा बंद करायचा ही युक्ती निघाली आणि पुढची आठ-नऊ वर्षं जगभरातल्या स्नेअरला तीच लावली गेली. पण टॉम्सच्या त्या सरीवर लोक हवेत हात मारतात ते नुसत्या घुमाऱ्यामुळे नाही. साडेतीन मिनिटं ड्रमर आलाच नाही म्हणून. मशीनचा निर्जीवपणा इथे कमतरता नाहीये, तोच ताण वाढवतोय.

१९८८ मध्ये पॅडवर बोटांनी वाजवायचं सॅम्पलर आलं, त्यात स्विंग टक्क्यांत द्यायची सोय, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेट्रॉइटच्या एका निर्मात्याने ठोके मुद्दाम जागेवरून सरकवून अडखळत्या, ओढल्यासारख्या बीट्स बनवल्या. २००० च्या आसपास हाडामासाचे ड्रमर बसून त्या मशीनसारखं अडखळायला शिकले. आज अनेक नव्या ड्रमरचा ‘मानवी’ फील हा असा मशीनवाटे फिरून आलेला आहे, त्यामुळे माणूस विरुद्ध मशीन अशी सरळ विभागणी आता लागूच पडत नाही.

खरं नुकसान झालं ते नंतर, रेकॉर्डिंग पूर्णपणे कॉम्प्युटरवर गेल्यावर. ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या समान अंतराच्या रेघांवर, प्रत्येक फटका ओढून बसवणं सोपं झालं आणि सगळ्यांनी शिव्या त्या ग्रिडला दिल्या. पण त्याच खिडकीत अजून एक काम व्हायचं, ड्रमरचा प्रत्येक स्नेअर काढून तिथे एकच छान रेकॉर्ड केलेला स्नेअर बसवायचा. सगळे एका जोराचे. घोस्ट नोट्स एकतर पुसले जायचे नाहीतर ओरडायला लागायचे. वरून शेवटच्या मास्टरिंगला गाणं शक्य तितकं मोठ्या आवाजाचं करायची चढाओढ, म्हणजे जो काही चढउतार उरला असेल तोही दाबला. २००० च्या दशकातले रॉकचे कितीतरी अल्बम पाच-सहा गाण्यांनंतर थकवतात ते यामुळे, मिलीसेकंदांमुळे नाही.

अभ्यासकांकडे बघितलं तर चित्र याच्याशी जुळणारं आहे. १९८७ मध्ये मांडणी झाली की वादकांमधली छोटीछोटी वेळेची तफावतच श्रोत्याला ओढून घेते, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ते जवळजवळ गृहीत धरलं गेलं. मग प्रत्यक्ष श्रोत्यांना ऐकवून तपासणी झाली. २०१३ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगांत ग्रिडवर नेमका बसवलेला ड्रम पॅटर्न लोकांना कमी आवडला नाही, उलट तफावत वाढवत नेली तशी पसंती घसरली. २०११ चा एक निष्कर्ष मात्र वेगळा कोन दाखवतो, माणसाच्या चुका सुट्यासुट्या नसतात, लय एकदा सरकली की बराच वेळ त्याच बाजूला सरकत राहते, आणि यादृच्छिक चुका घातलेल्या गाण्यापेक्षा अशा सलग चुकांचं गाणं श्रोत्यांनी जास्त पसंत केलं. सॉफ्टवेअरमधलं मुद्दाम चुका घालणारं ‘ह्युमनाइझ’ बटण बऱ्याचदा खोटं का वाटतं त्याचं कारण बहुधा इथेच आहे.

२०१४ चा प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ६६ जणांना ५० ड्रम ब्रेक ऐकवले आणि विचारलं, नाचावंसं किती वाटतं आणि मजा किती येते. ठेका अगदी सरळ असला तर कमी, फार गुंतागुंतीचा असला तरी कमी, आणि मध्यम प्रमाणात ऑफबीट (मुख्य ठोक्यांच्या मधल्या जागी जोर देणारा) असला तर दोन्ही सगळ्यात जास्त. १९६९ च्या त्या चार बारचा हिशोब हाच आहे, दोन बार सरळ आणि दोन वाकडे.

आणि २०२२ मध्ये कॅनडात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या खऱ्या कार्यक्रमात, श्रोत्यांच्या डोक्याला हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या बांधून, ८ ते ३७ हर्ट्झचा, म्हणजे जवळपास ऐकू न येणारा, बेस देणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले गेले. चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले, पण वेगळ्या चाचणीत असा बेस कधी चालू आहे हे लोकांना ओळखता आलं नाही. गाणी तीच, वाजवणारे तेच, ठोक्यांची वेळही तीच होती.