रजईवर दोरा का तुटतो? मशीन क्विल्टिंगची पार्श्वभूमी

मशीनवर रजईचे थर एकत्र शिवताना, म्हणजे क्विल्टिंग करताना, दोरा तुटला की पहिला हात टेन्शनच्या म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या चकतीकडे जातो आणि पहिला दोष दोऱ्याला दिला जातो. पण दोरा बहुतेक वेळा मुळात कच्चा नसतो, तो झिजलेला असतो. तो झिजतो का, हे समजून घ्यायचं तर मशीनच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

१० सप्टेंबर १८४६ रोजी एलियास हाऊ यांना अमेरिकेत लॉकस्टिच मशीनचं पेटंट मिळालं. नेढं सुईच्या टोकाशी, एक दोरा वरून, दुसरा खालून आणि दोघांची गुंफण कापडाच्या आत. घरातली साधी मशीन आजही याच टाक्यावर चालते. या टाक्याची एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. खालच्या बॉबिनला वळसा घालता यावा म्हणून वरच्या दोऱ्याचा मोठा फास खाली जातो. त्यातला जेमतेम काही मिलिमीटर दोरा टाक्यात मुरतो आणि बाकीचा वरची तरफ परत ओढून घेते. त्यामुळे दोऱ्याचा एकच तुकडा टाक्यात बसेपर्यंत नेढ्यातून तीस-चाळीस वेळा वर-खाली घासला जातो. टाका जितका बारीक, तितक्या या फेऱ्या जास्त. हातशिलाईत दोऱ्याच्या वाट्याला असं काही येत नव्हतं.

आणि दोरा तर हाताच्या सुईसाठीच तयार झाला होता. नेपोलियनच्या काळातल्या व्यापारबंदीमुळे रेशीम मिळेनासं झालं, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझली गावी क्लार्क घराण्याने सुती शिवणदोऱ्याकडे मोर्चा वळवला. १८१२ पासून त्यांच्या गिरणीत तो निघू लागला. हा तीनपदरी, खळ देऊन चकचकीत केलेला दोरा हाताला छान होता. मशीनमध्ये मात्र तो खडबडीत आणि कडक ठरला. त्यावर १८६० च्या दशकात उपाय आला तो सहापदरी दोऱ्याचा. दोन-दोन तंतू पिळून तीन जोड्या करायच्या आणि त्या तिन्ही पुन्हा उलट्या दिशेने पिळायच्या. असा दोरा गोल, मऊ आणि एकसारखा होतो. जॉर्ज क्लार्क यांनी तो अमेरिकेत ‘ओ.एन.टी.’ म्हणजे ‘आवर न्यू थ्रेड’ या नावाने विकला. मशीनसाठी दोरा वेगळा लागतो, हे त्या नावातच आलं. हाताच्या क्विल्टिंगचा खळवलेला दोरा आजही मिळतो, तो मशीनला लावू नये. त्याची खळ टेन्शनच्या चकत्यांमध्ये साठते आणि मग चांगला दोराही अडकू लागतो.

पिळाची दिशाही तेव्हापासून महत्त्वाची झाली. लॉकस्टिच मशीनच्या दोऱ्याचा शेवटचा पीळ ‘झेड’ असतो, म्हणजे दोरा उभा धरला तर पिळाची रेघ त्या अक्षराच्या मधल्या तिरप्या रेघेसारखी दिसते. उलट्या पिळाचा दोरा शिवताना उकलत जातो.

माझ्या मते सगळ्यात मोठा धडा ॲलन विल्सन यांच्या १८५४ च्या पेटंटात आहे. सुईखाली कापड पुढे सरकवणारे ते दाते त्यांचेच. दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात आणि मागे येतात. सुई कापडाबाहेर असेल तेव्हाच कापड हलतं, हा त्यातला खरा नियम. फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये आपण नेमका हाच नियम मोडतो. दाते खाली पाडले जातात, तीन थरांची जड रजई हाताने फिरवली जाते आणि हात घाईत असला की सुई आत असतानाच कापड ओढलं जातं. सुई वाकते, दोरा नेढ्याच्या कडेवर दाबला जातो आणि तुटतो. मशीन जोरात आणि हात सावकाश, हे म्हणूनच मानवतं.

बराच काळ मशीनचं क्विल्टिंग दुय्यम समजलं गेलं. १९८९ मध्ये अमेरिकेत पड्युका इथल्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या रजईला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा वाद झाला आणि वाटही मोकळी झाली. दाट नक्षी आली, जाड आणि धातूच्या चमकीचे दोरे आले, वेगवान लाँगआर्म (रजईसाठीच्या लांब हाताच्या मोठ्या) मशीन आल्या. सुई इतकी तापू लागली की पॉलिस्टरचा दोरा नेढ्यातच मऊ पडावा. पॉलिस्टर साधारण २५०–२६० अंश सेल्सिअसला वितळतं. सुती दोरा वितळत नाही, पण त्याचा भुसा जास्त पडतो.

म्हणून दोरा तुटला की आधी त्याचं टोक उजेडात धरून बघावं. टोक पिंजलेलं असेल तर तो घासला गेलाय. नेढं लहान पडत असेल किंवा सुईच्या पुढच्या खोबणीत दोरा मावत नसेल, तर ९०/१४ मापाची क्विल्टिंग किंवा मोठ्या नेढ्याची टॉपस्टिच सुई लावावी. टोकाला बारीक कडक मणी असेल तर उष्णता, वेग कमी करावा. टोक स्वच्छ कापल्यासारखं असेल, तर कुठेतरी धार आहे.

ती धार बहुधा आपणच केलेली असते. वाकलेली सुई कधीतरी सुईपट्टीवर, म्हणजे सुई ज्या भोकातून खाली जाते त्या धातूच्या पट्टीवर, आपटलेली असते आणि भोकाच्या कडेला न दिसणारा ओरखडा राहिलेला असतो. नवी सुई, नवं रीळ, सैल टेन्शन, सगळं करूनही दोरा तुटतच राहतो. पट्टी काढून भोकाच्या कडेवरून नख फिरवलं की ते नेमकं तिथे अडतं. अगदी बारीक पॉलिश पेपरने ती कडा गुळगुळीत करावी, नाहीतर पट्टी बदलावी.