निब कागदावर तरंगते तेव्हा

जाणकार कारागिराने जुळवलेली निब हातात आली की पेन दाबावे लागत नाही. पेनाचे स्वतःचे वजनच पुरते. हे सुख बोटांना मिळते, पण त्याची जुळणी निबेच्या टोकाशी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात झालेली असते.

निबेच्या मधोमध चीर असते आणि ती टोकाकडे अरुंद होत जाते. केशाकर्षणामुळे शाई अरुंद जागेकडे ओढली जाते, म्हणून ती आधीच टोकाशी येऊन थांबलेली असते. कागद टेकला की त्याचे तंतू तिला शोषून घेतात आणि गेलेल्या शाईच्या जागी निबेखाली बसवलेल्या, शाई पुरवणाऱ्या जिभेच्या खोबणीतून हवा आत शिरते. चीर फार आवळलेली असेल तर रेघ फिकी, कोरडी उमटते. टोकाशी फाकली असेल तर शाईची ओढच सुटते आणि अक्षर मध्येच तुटते.

टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो. त्याला सवयीने इरिडियम म्हणतात. आज त्यात बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असे धातू असतात. चिरेने या मण्याचेही दोन भाग होतात. दहापट भिंगातून ते समोरून पाहिले की खरखरीचे कारण बहुतेक वेळा लगेच दिसते: एक भाग केसभर खाली असतो आणि त्याची आतली कड कागदात रुतते. अशा वेळी घासायची घाई करू नये. आधी नखाने अलगद दाबून चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत आणायची, चिरेतून पितळेचा पातळ पत्रा फिरवायचा आणि मगच अतिबारीक पॉलिश कागदावर इंग्रजी आठचा आकडा गिरवायचा, तोही मोजकाच. जास्त घासले की आतल्या कडा गोल होतात, चिरेचे तोंड कागदापासून उचलले जाते आणि पहिली रेघ कोरीच जाते.

गुळगुळीतपणा नुसत्या पॉलिशने येत नाही, ही यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. धातू आणि कागद यांच्यामध्ये शाईचा पातळ थर वंगणाचे काम करतो. त्यामुळे तीच निब शाई सढळ सोडू लागली की जास्त मऊ वाटते.

तरीही निब काचेसारखी गुळगुळीत नसावी, असे माझे ठाम मत आहे. चकचकीत कागदावर ती निसटते, अक्षराला लगाम राहत नाही. कागदाचा पोत बोटांना किंचित कळला पाहिजे. आणि प्रत्येकाचा पेन धरण्याचा कोन वेगळा असल्याने निब जुळवायला देताना कारागिरासमोर चार ओळी नेहमीच्या वेगाने लिहून दाखवाव्यात. मण्याचा कोणता भाग कागदाला टेकतो, हे त्याला त्यातूनच समजते.