शोध व बचाव स्वयंसेवकांसाठी बिनतारी संचाची परवानगी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी या दोन्ही खुणांच्या कितीतरी वर चढले, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी वीज गेली की मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तासच तग धरतात आणि मग बोटीवरच्या माणसाला काठावरच्या माणसाशी बोलण्यासाठी बिनतारी संचाचाच (वॉकी-टॉकीचाच) आधार उरतो. म्हणूनच तालमी, तरुण मंडळे आणि गिर्यारोहण गट आता संच घेण्याचा विचार करतात. परंतु संच विकत घेणे आणि तो वापरण्याचा अधिकार मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला पहिलीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.

पुढे सांगितलेले परवानामुक्त संच सोडले, तर आपल्याकडे बिनतारी संच केवळ बाळगण्यासाठीसुद्धा अधिकृत परवानगी लागते. १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्यात ही अट होती आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ती आहे. त्यामुळे ऑनलाइन मागवलेला स्वस्त संच चार्ज करून थेट पुराच्या पाण्यात उतरणे, हेतू कितीही चांगला असला तरी, कायद्यात बसत नाही. यात धोकाही आहे. असे संच बहुतेक कोणत्याही वारंवारतेवर लावता येतात, आणि चुकून पोलिसांच्या किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रणेच्या वाहिनीवर कुणी बटण दाबून बसले, तर ज्या बचावासाठी आपण निघालो त्याचाच निरोप अडतो.

तीन वाटा

स्वयंसेवकासमोर तीन वाटा असतात आणि आपली वाट कोणती हे आधी ठरवावे, कारण प्रत्येकीची पात्रता आणि कागदपत्रे निराळी आहेत.

पहिली वाट प्रशासनाबरोबर काम करण्याची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत १८ ते ४० वयोगटातील, किमान सातवी उत्तीर्ण आणि शरीराने सक्षम असलेल्या स्थानिक व्यक्तींना १२ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. नव्या तुकडीसाठी निवड कधी होणार याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात किंवा आपल्या तहसील कार्यालयात करावी, आणि तिथे जाताना ओळख, वय, पत्ता व शिक्षणाचे पुरावे, छायाचित्रे आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र बरोबर ठेवावे. या वाटेने गेलेल्या स्वयंसेवकाच्या हाती जो संच येतो तो शासकीय यंत्रणेचा असतो आणि त्याची परवानगीही त्या यंत्रणेच्या नावे असते. त्यामुळे स्वतंत्र परवाना लागत नाही; मात्र मोहीम संपली की संच परत करायचा असतो आणि नेमून दिलेल्या वाहिनीबाहेर बोलायचे नसते.

दुसरी वाट परवानामुक्त संचांची आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले अल्पशक्तीचे संच आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येतात, परंतु त्या मॉडेलला सरकारची उपकरण मान्यता मिळालेली असली पाहिजे आणि ते याच पट्ट्यापुरते मर्यादित असले पाहिजे. घेताना विक्रेत्याकडून मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत आणि पक्के बिल मागून घ्यावे. पन्हाळ्याच्या तटबंदीवर हरवलेल्या पर्यटकाला शोधताना किंवा एकाच गल्लीत दोन बोटी चालवताना हे संच चांगले उपयोगी पडतात. त्यांची शक्ती कमी असल्याने घरांच्या दाटीत पल्ला लवकर संपतो, आणि शिरोळहून कोल्हापूर शहराशी बोलण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

तिसरी वाट हौशी रेडिओची (व्यवसायासाठी नव्हे तर छंद म्हणून चालवायच्या रेडिओची), म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या हॅम परवान्याची. ज्याला वर्षानुवर्षे हे काम करायचे आहे त्याने ही वाट धरावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण परवान्यासाठी जो अभ्यास करावा लागतो तेच खरे प्रशिक्षण असते.

हॅम परवान्याची पात्रता आणि परीक्षा

हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून, त्यातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेमार्फत, १९७८ साली केलेल्या हौशी सेवा नियमांच्या चौकटीत दिला जात आला आहे. अर्जदार किमान १२ वर्षांचा असावा लागतो. विज्ञान शाखेच्या पदवीची अट नाही. अर्जदाराने ‘हौशी केंद्र चालक प्रमाणपत्रा’ची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिच्या दोन श्रेणी आहेत: मर्यादित आणि सर्वसाधारण. मर्यादित श्रेणीसाठी फक्त लेखी परीक्षा असते आणि तिचे दोन भाग असतात. एका भागात विजेची मूलतत्त्वे, प्रक्षेपक (लहरी पाठवणारा भाग), ग्राहक (लहरी पकडणारा भाग), अँटेना आणि लहरींचे प्रसरण येते. दुसऱ्यात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियम, क्यू संकेत (नेहमीच्या वाक्यांसाठीचे तीन अक्षरी संक्षेप) आणि अक्षरोच्चार (एकेक अक्षर ठरलेल्या शब्दाने सांगण्याची पद्धत) येतात. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. सर्वसाधारण श्रेणीत याखेरीज मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची लिपी) पाठवण्या-घेण्याची चाचणी असते. बचावकार्याच्या दृष्टीने आधी मर्यादित श्रेणी घ्यावी. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा, जिथे हातातल्या संचांचे बहुतेक स्थानिक बोलणे चालते, तो या श्रेणीलाही खुला आहे.

एक गोष्ट वर्गात पुन्हा पुन्हा सांगावी लागते. परीक्षेचे प्रमाणपत्र आणि केंद्राचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. प्रमाणपत्राने आपली क्षमता सिद्ध होते; प्रक्षेपणाचा अधिकार मात्र परवाना आणि त्यावरील बोलसंकेत (रेडिओवर आपली ओळख सांगणारे अक्षर-अंकांचे नाव) मिळाल्यानंतरच सुरू होतो. हा बोलसंकेत भारतात ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सहसा एका व्यक्तीचा असतो. मंडळाच्या नावे एक परवाना काढून परीक्षा न दिलेल्या दहा जणांनी आलटूनपालटून बोलावे अशी सोय यात नाही, म्हणून गटातल्या निदान तीन-चार जणांनी परीक्षा द्यावी.

अर्ज कसा करावा

परीक्षा आणि परवाना या दोन्हींचे अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ संकेतस्थळावर भरता येतात. प्रथम मोबाइल क्रमांक आणि ई-मेल देऊन खाते उघडावे. अर्जात नाव, जन्मतारीख आणि पत्ता आधार कार्डावर जसा आहे तसाच लिहावा. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लिहिण्याची पद्धत असल्याने एका कागदावर ते असते, दुसऱ्यावर नसते, आणि एवढ्याशा फरकावरून अर्ज परत येतो. कागदपत्रांत ओळखीचा पुरावा, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला, पत्त्याचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र आणि सहीची स्पष्ट प्रतिमा तयार ठेवावी. अर्जदार अज्ञान (१८ वर्षांखालील) असल्यास पालकांचे संमतिपत्रही काढून ठेवावे. शुल्काची रक्कम भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावर जी दिसेल तीच खरी मानावी, जुन्या पुस्तिकांतले आकडे धरून चालू नये.

परवान्याच्या अर्जात संच जिथे बसवणार तो पत्ता नीट द्यावा, कारण परवाना त्या पत्त्याशी जोडलेला असतो आणि घर बदलल्यास तसे कळवावे लागते. अर्ज, छाननी, परीक्षा, निकाल आणि पुन्हा परवान्याचा अर्ज या साखळीत काही महिने सहज जातात. म्हणून जूनमध्ये ढग दाटल्यावर धावपळ करण्यापेक्षा दिवाळी झाली की लगेच अर्ज भरावा.

अभ्यासाबरोबर हाताला लावायची सवय

परवाना येईपर्यंतचा काळ वाया घालवू नये. प्रक्षेपण न करताही बोलण्याची शिस्त शिकता येते, आणि माझ्या मते संचाच्या किमतीपेक्षा ती मोलाची आहे. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘नको पाठवू’मधला ‘नको’ हरवतो. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले. निरोप संपला की ‘ओव्हर’, संभाषणच संपले की ‘आऊट’. संख्या एकेक अंक सुटा करून सांगावी, कारण वाऱ्यापावसात ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळत नाही. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. निरोपात जागा, माणसे, अवस्था आणि गरज या क्रमाने माहिती यावी: ‘कुरुंदवाड, पुलाच्या अलीकडे, दुमजली घर, माणसे सात, एक गरोदर, बोट हवी, ओव्हर.’

पल्ल्याचा हिशोबही समजून घ्यावा. या लहरी साधारण दृष्टिरेषेत जातात. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या अँटेनाचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर असते. संचाची शक्ती दुप्पट केल्याने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, पण तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढल्याने पडतो. शिरोळच्या सपाटीवर म्हणूनच उंच गच्ची शोधावी. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगराळ भागात दरीतला माणूस आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यामध्ये डोंगराच्या धारेवर एक जण निरोप पुढे देण्यासाठी बसवावा लागतो, आणि त्याला खाणे, रेनकोट व जादा बॅटरी देऊनच वर पाठवावे.

हॅम परवान्यावर एरवी तिसऱ्या माणसाचे निरोप किंवा व्यवसायाचे बोलणे चालत नाही. आपत्तीत प्रशासनाने सांगितल्यावर बाधितांचे निरोप पोहोचवण्याची मुभा मिळते. म्हणून गटाने आपल्या परवानाधारकांची नावे, बोलसंकेत आणि परवान्याच्या प्रती पावसाळ्याआधीच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक संचाला चिकटवून ठेवावा, आणि प्रत्येक संपर्काची वेळ, वारंवारता व समोरचा बोलसंकेत नोंदवहीत त्याच वेळी, शक्य तर पेन्सिलने, लिहावा. शाई पावसात पसरते.