हरवलेल्यांचा पोलीस तपास आणि वर्ग-वंशभेद

माणूस हरवल्याची तक्रार आली की पोलीस लगेच धावपळ करणार की नुसतं रजिस्टरात नाव टाकून मोकळे होणार, हे बऱ्याचदा हरवलेल्याचा रंग, पत्ता आणि कामधंदा बघून ठरतं. हा भेदभाव बऱ्याच देशांत दिसतो. अमेरिकन पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' असं म्हटलं ते मीडियाबद्दल होतं, गोरी तरुणी गायब झाली की चॅनेलवाले दिवसरात्र तेच दाखवतात म्हणून. पोलिसांचा भेदभाव त्याहून घातक आहे, कारण शोध उशिरा सुरू झाला की फुटेज पुसलं जातं, साक्षीदार पांगतात आणि गुन्हेगार मोकळा राहिला तर पुढचा बळी घेतो.

कॅनडात हेच घडलं. व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीतून १९९० च्या दशकात बायका एकामागून एक गायब होत होत्या, बऱ्याच जणी सेक्सवर्क करणाऱ्या, व्यसनात अडकलेल्या, आणि त्यात आदिवासी बायका लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. घरचे तक्रार घेऊन गेले की गेली असेल कुठेतरी, येईल परत, असं म्हणून पोलीस वाटेला लावायचे. मार्च १९९७ मध्ये एक बाई रॉबर्ट पिक्टनच्या डुक्करपालनाच्या फार्मवरून जबर जखमी अवस्थेत जीव वाचवून पळाली, त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हाही लागला, पण ती व्यसनी आहे, कोर्टात टिकणार नाही म्हणून १९९८ मध्ये खटला गुंडाळला. पोलीस खात्यातलेच किम रॉस्मो सिरियल किलर असू शकतो म्हणून सांगत होते, त्यांचंही कोणी ऐकलं नाही. शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या वॉरंटवर पोलीस फार्मवर गेले आणि तिथे पुढे ३३ बायकांचे अवशेष किंवा डीएनए सापडले. या तपासाची चौकशी करणाऱ्या वॉली ओपल आयोगाने २०१२ च्या अहवालात पोलिसांच्या कामात व्यवस्थेतच मुरलेला पूर्वग्रह होता असं स्पष्ट लिहिलं. १९९८ ते २००२ या चार वर्षांत मेलेल्या बायका वाचू शकल्या असत्या, हे वाचताना खरंच संताप येतो.

हे एका शहरापुरतं नव्हतं. कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनीच २०१४ मध्ये आकडा दिला, १९८० ते २०१२ दरम्यान १,०१७ आदिवासी बायकांचे खून, आणि त्याशिवाय १६४ जणी बेपत्ता. नंतर राष्ट्रीय चौकशी झाली, २०१९ ला २३१ शिफारशी आल्या. आणि तरीही २०२२ मध्ये विनिपेगजवळच्या प्रेअरी ग्रीन कचरा डेपोत दोन आदिवासी बायकांचे मृतदेह असावेत हे माहीत असूनही पोलीस म्हणाले शोधणं शक्य नाही, मग मॅनिटोबा या तिथल्या प्रांताच्या सरकारनेही नकार दिला, आणि २०२३ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने तर या नकाराचीच जाहिरात केली! सरकार बदललं, वॅब किन्यू मुख्यमंत्री झाले, डिसेंबर २०२४ ला शोध सुरू झाला आणि काही महिन्यांतच दोघींचेही अवशेष मिळाले. म्हणजे जे अशक्य म्हणत होते ते होण्यासारखं होतं.

भारतात हा भेद जास्त करून वर्गाचा. नोएडाच्या निठारीत २००५-०६ मध्ये बाहेरून कामाला आलेल्या मजुरांची मुलं हरवत होती, आईबाप चौकीत चकरा मारायचे आणि मुलगी पळून गेली असेल असं ऐकून परत यायचे. त्याच नोएडात नोव्हेंबर २००६ मध्ये एका मोठ्या आयटी कंपनीच्या प्रमुखाचा तीन वर्षांचा मुलगा पळवला गेला तेव्हा सगळी यंत्रणा हलली आणि तो काही दिवसांत घरी आला. मुलगा सुखरूप आला हे चांगलंच झालं, पण निठारीच्या मुलांसाठी अशी यंत्रणा कधी हललीच नाही. डिसेंबरमध्ये सेक्टर ३१ मधल्या बंगल्यामागच्या नाल्यातून हाडं निघाली, आणि रहिवाशांचं म्हणणं की नाल्यात आधी आम्हीच शोधलं, पोलीस मागून आले. पुढे तपासाच्या चुकांमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने बंगल्याचा मालक आणि त्याचा नोकर या दोन्ही आरोपींना त्यांच्यापुढच्या केसेसमध्ये निर्दोष सोडलं.

१० मे २०१३ ला सुप्रीम कोर्टाने मूल हरवलं की एफआयआर नोंदवायलाच हवा असा आदेश दिला. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातही साधी 'मिसिंग'ची नोंद होते, गुन्ह्याचा संशय दिसला तरच पुढे गुन्हा दाखल होतो, आणि तो संशय कुणाच्या बाबतीत घ्यायचा हे ठाणे अंमलदाराच्या हातात राहतं.