संसद, भारतीय

भारताचे केंद्रीय कायदेमंडळ. राज्यघटनेच्या ७९व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद होते. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात, पण त्यांच्या संमतीवाचून विधेयकाचा कायदा होत नाही, म्हणून त्यांची गणना संसदेत होते. बोलताना लोकसभेला कनिष्ठ आणि राज्यसभेला वरिष्ठ सभागृह म्हणण्याची पद्धत आहे. ती फसवी आहे. सरकार राहते की पडते आणि तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे, या दोन्ही गोष्टी ‘कनिष्ठ’ सभागृहातच ठरतात.

केंद्रात दोन सभागृहे ठेवण्याची सुरुवात १९१९च्या कायद्याने, ब्रिटिश अमदानीत झाली. संविधान सभा मात्र एकगृही होती आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत हंगामी संसद म्हणून तिनेच काम पाहिले. दोन्ही सभागृहांची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. ‘लोकसभा’ आणि ‘राज्यसभा’ ही नावे १९५४ मध्ये रूढ झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ. आजही पाळल्या जाणाऱ्या अनेक प्रथा त्यांच्या निर्णयांतून आल्या.

लोकसभेत ५४३ सदस्य थेट मतदानाने येतात. त्यांत महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २. मुदत पाच वर्षांची, पण ती पुरी होण्याआधीही सभागृह विसर्जित होऊ शकते. राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही. तिथल्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. २४५ जागांपैकी २३३ निवडणुकीने भरतात (महाराष्ट्र १९, गोवा १). साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राष्ट्रपती १२ जणांची नियुक्ती करतात. महामहोपाध्याय पां. वा. काणे, मामा वरेरकर आणि लता मंगेशकर असेच नियुक्त सदस्य होते.

राज्यसभेची निवडणूक आमदार करतात आणि तिचे गणित भल्याभल्यांना घाम फोडते. आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. निवडून येण्यासाठी ठरावीक कोटा लागतो आणि विजयी उमेदवाराची कोट्यावरची मते पुढच्या पसंतीकडे सरकतात. महाराष्ट्रात सहा जागा असतील आणि सर्व २८८ आमदारांनी मत दिले, तर कोटा ४२ मतांचा पडतो. जून २०२२ मध्ये सहा जागांसाठी सात उमेदवार उभे राहिले, तेव्हा पहिल्या पसंतीत मागे असलेला उमेदवार सरकून आलेल्या मतांच्या बळावर सहावी जागा घेऊन गेला. २००३ पासून हे मतदान गुप्त नाही. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. त्याच वर्षी उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली. त्यामुळे ‘राज्यांची सभा’ हे नाव थोडे पोकळ झाले, हे मान्य करावे लागते.

लोकसभा आपला अध्यक्ष आपल्यातून निवडते. राज्यसभेचे सभापतिपद उपराष्ट्रपतींकडे पदसिद्ध असते. वर्षात सहसा अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडता कामा नये, आणि गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या एक दशांश. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी. प्रश्नोत्तरांच्या तासाबाहेर तातडीचे विषय मांडण्याची वेळ म्हणजे शून्य प्रहर; त्याचा नियमांत उल्लेख नाही, तो वहिवाटीने चालत आला आहे. आरडाओरडा, सभात्याग, तहकुबी हे टीव्हीवर दिसते. खरी बारकाईची कामे समित्यांत होतात. खात्यांशी निगडित २४ स्थायी समित्यांत प्रत्येकी लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य बसतात, तेही बंद दाराआड. सरकारी खर्चाची झाडाझडती घेणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे.

साधे विधेयक कोणत्याही सभागृहात मांडता येते, आणि दोन्हीकडे एकाच स्वरूपात मंजूर व्हावे लागते. मंत्रिमंडळ मात्र फक्त लोकसभेला जबाबदार. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार तिथे २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. राज्यसभेला असे सरकार पाडता येत नाही. धनविधेयकही, म्हणजे केवळ कर आणि सरकारी पैशांविषयीचे विधेयक, लोकसभेतच मांडावे लागते. राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचे, आणि तिच्या शिफारशी मानणे न मानणे लोकसभेच्या मर्जीवर. एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, यावर अध्यक्षांचा निर्णय अंतिम असल्याने खरा वाद तिथेच पेटतो. २०१६चे आधार विधेयक याच वाटेने नेले गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते उचलून धरले, तरी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदवले.

दोन सभागृहांत पेच पडला तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावतात. आजवर तीन कायद्यांसाठीच ती वेळ आली : हुंडाबंदी (१९६१), बँकिंग सेवा आयोग रद्द करणे (१९७८) आणि दहशतवाद प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोटा (२००२). संयुक्त बैठकीत डोकी मोजली जातात, त्यामुळे संख्येने दुपटीहून मोठ्या लोकसभेचे पारडे आपोआप जड होते.

घटनादुरुस्तीला ही पळवाट नाही, आणि राज्यसभेचे खरे वजन इथेच कळते. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, दोन्ही हवे. ५ सप्टेंबर १९७० रोजी संस्थानिकांचे तनखे (सरकारकडून मिळणारी वार्षिक रक्कम) रद्द करणारे विधेयक लोकसभेतून मंजूर होऊन राज्यसभेत आले. बाजूने १४९, विरोधात ७५. २२४चे दोन तृतीयांश १४९.३३ होतात, विधेयक एका मताच्या तिसऱ्या हिश्श्याने कोसळले! तनखे अखेर १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने गेले. १९८९ मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांची विधेयकेही राज्यसभेतच अडली.

राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतल्या, विषयावर संसदेने कायदा करावा किंवा नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करावी, असे ठराव फक्त राज्यसभा करू शकते. त्यांनाही दोन तृतीयांश मते लागतात.

१९२७ पासूनची गोल इमारत सोडून सप्टेंबर २०२३ मध्ये संसद नव्या त्रिकोणी वास्तूत गेली. तिथे जुन्यासारखे मध्यवर्ती सभागृह नाही; राष्ट्रपतींचे अभिभाषण आता लोकसभेच्या दालनात होते. त्या दालनात आसने ८८८ आहेत आणि सदस्य ५४३. जास्तीची आसने पुढे सदस्य वाढतील म्हणून. तूर्त लोकसभेतल्या राज्यांच्या वाट्याच्या जागा १९७१च्या जनगणनेवर ठरलेल्या असून, ८४व्या घटनादुरुस्तीने त्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या.