स्टील, सिरॅमिक आणि छीज : हातघडणीच्या दागिन्यांच्या ड्रम-पॉलिशची पार्श्वभूमी

नागपुरातल्या इतवारीच्या सराफा ओळीमागच्या कारखान्यांत पॉलिशच्या ड्रममध्ये, म्हणजे दागिने एखाद्या माध्यमासोबत घोळवून उजळणाऱ्या फिरत्या पिंपात, कोणते माध्यम भरावे यावरचा वाद वरवर पाहता चकाकीचा वाटतो. कोणी स्टीलच्या गोळ्यांखेरीज दुसऱ्या कशाला हात लावत नाही, तर कोणी आधी सिरॅमिक, मग प्लास्टिक आणि शेवटी अक्रोडाच्या कवचाचा चुरा या क्रमाचा आग्रह धरतो. मात्र या माध्यमांचा इतिहास पाहिला, तर निवड बहुतेक वेळा चकाकीवरून झालेली नाही. दागिना गुळगुळीत होताना जे सोने झिजते, ती छीज कोणाच्या खात्यावर टाकायची, या प्रश्नानेच ती ठरवली आहे.

यंत्रे येण्यापूर्वी उजाळ्याच्या दोन वाटा होत्या आणि सोनार त्या दोन्ही जाणून होता. पहिली वाट घासण्याची. कानशीचे ओरखडे काचकागदाने काढायचे, डाक (सांधे जोडणारा वितळवलेला धातू) दिल्यानंतरची काळपट कातडी तेजाबात किंवा चिंचेच्या पाण्यात उकळून उतरवायची आणि रिठ्याच्या फेसात पितळी तारांच्या ब्रशने दागिना धुवायचा. दुसरी वाट दाबण्याची. अकिकाची ओपणी ओलसर धातूवर जोर देऊन फिरवली की पृष्ठभागाचे सूक्ष्म उंचवटे खाली बसतात आणि धातू न गमावता ओप चढतो. तुरटी, मीठ आणि सोरा यांच्या मिश्रणात दागिना तापवून रंग काढण्याची रीतही होती; तीत वरच्या थरातले तांबे व चांदी निघून जात आणि सोने पिवळेजर्द दिसे. घासण्यातून उडालेली धूळ वाया जात नसे, कारण सोनाराच्या दुकानासमोरची माती आणि भट्टीची राख घेऊन जाणारा झारेकरी ठरलेला असे. पिंपात घोळवून धातू साफ करण्याची कल्पनाही जुनीच आहे. युरोपात चिलखताच्या कड्या वाळूसोबत पिंपात फिरवून गंज काढत असत. दागिन्यांच्या दृष्टीने या प्राचीनतेला फारसे महत्त्व नाही.

महत्त्व आहे ते 1963 सालाला. त्या वर्षी जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, परंतु 1968 च्या कायद्याने साठ्यावरची मर्यादा कायम ठेवली आणि सोनाराला 100 ग्रॅमपेक्षा अधिक सोने बाळगता येईना. या मर्यादेचा पॉलिशशी असलेला संबंध सहसा कोणी मांडत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो. ड्रम हे घाण्यावर, म्हणजे एका वेळी एकत्र टाकलेल्या मालावर, चालणारे यंत्र आहे; त्यात एकाच जातीचे पुष्कळ नग एकदम पडले तरच ते परवडते. ज्या कारागिराजवळ एका वेळी दोन पाटल्या आणि एखादी पोत एवढाच माल असायचा, त्याला ड्रमपेक्षा पायाने किंवा मोटरीने फिरणारा बफ (कापडी चाक) आणि लाल रूज (ओप चढवणारी बारीक पूड) हेच सोयीचे होते. परदेशात याच काळात कंपनावर चालणारी यंत्रे आणि प्लास्टिकची माध्यमे रुळत होती. आपल्याकडच्या सोन्याच्या कामात त्यांना शिरायला वाव मिळाला नाही, तो या मर्यादेमुळे; कारागीर मागासलेला होता म्हणून नव्हे.

हा कायदा 1990 मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या दशकात मेणाच्या साच्यावरून ओतकाम करणारे मोठे कारखाने वाढले आणि त्यांच्यासोबत माध्यमांची पूर्ण साखळी आली. कापणारे सिरॅमिक, त्याहून मऊ प्लास्टिकचे शंकू व पिरॅमिड आणि अखेरीस रूज लावलेला अक्रोडाचा किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याचा कोरडा चुरा, हा क्रम ओतीव मालासाठी बेतलेला होता. ओतलेला नग साच्यातून खरखरीत बाहेर पडतो. त्याचा वरचा थर कापल्याशिवाय गत्यंतर नसते. हातघडणीच्या दागिन्याची गोष्ट निराळी आहे. त्याचा पत्रा रुळांतून दाबून काढलेला असतो, तार जंत्रीच्या (छिद्रांच्या पोलादी पट्टीच्या) भोकांतून ओढलेली असते, म्हणजे पृष्ठभाग मुळातच घट्ट असतो. दोष असतात ते कानशीच्या रेघांचे आणि डाकाच्या सांध्यांचे. कारखान्याची साखळी जशीच्या तशी हातघडणीला लावणे ही त्या काळातली एक मोठी गफलत होती आणि तिची किंमत गरसोळी, डोरले, ठुशी या दागिन्यांवरच्या बारीक रव्याने (सोन्याच्या चिमुकल्या दाण्यांनी) व तारकामाने चुकवली.

त्यातून मग उलटी लाट आली आणि ‘फक्त स्टील’ हा नियम रूढ झाला. हा निर्णय वादग्रस्त आहे आणि तो का रुजला हे पाहण्यासारखे आहे. स्टीलचे शॉट धातू कापत नाहीत. गोळी, पिन, तिरपी कापलेली कांडी आणि कडा असलेली तबकडी अशा मिश्र आकारांचे ते जड कण साबणाच्या पाण्यात दागिन्यावर हजारो वेळा आपटतात आणि ओपणीचेच काम करतात. वजन जवळपास तेवढेच राहते. कारागिराला पेढीवरून सोने तोलून मिळते आणि दागिना तोलून परत द्यावा लागतो. मान्य छिजेपेक्षा अधिक तूट आली तर ती त्याच्या घडणावळीतून वळती होते. सिरॅमिकच्या ड्रममधून गेलेले सोने नाहीसे होत नाही, ते गाळात उतरते आणि शुद्धीकरणात बहुतांशी परत मिळते. पण तो गाळ ज्याच्या यंत्राखाली साठतो त्याचा असतो. यंत्र एकाचे, गाळ त्याचा आणि तूट मात्र कारागिराची, अशी विभागणी असेल तर कारागीर स्टीलचाच आग्रह धरणार, यात नवल नाही. शिवाय सोन्याचा भाव जसा चढत गेला तसा एकेका मिलिग्रॅमचा हिशेब कडक झाला. स्टीलचा विजय हा प्रामुख्याने हिशेबाच्या वहीतला विजय आहे.

पृष्ठभागाच्या कसोटीवर तो तितका निर्विवाद नाही. स्टील ओरखडा काढत नाही, ते ओरखडा चमकवते. कानशीनंतर काचकागदाचे काम घाईत उरकलेली पाटली दोन तास स्टीलमध्ये फिरवून भिंगाखाली धरली, तर कानशीच्या समांतर रेघा जागच्या जागी दिसतात. फक्त प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा गोलसर होऊन उजळलेल्या असतात आणि म्हणूनच त्या आधीपेक्षा अधिक डोळ्यांत भरतात. स्टीलपूर्वी हाताने किंवा मऊ कापणाऱ्या माध्यमाने रेघा उतरवणे हा पर्याय नाही, ती अट आहे. ‘फक्त स्टील’ म्हणणारे अनेक जण ही अट पाळतात आणि तिचा उल्लेख मात्र करत नाहीत, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याचा समज असा होतो की यंत्रच सगळे करते. दुसरा दोष वजनाचा आहे. 22 कॅरेटचे सोने मऊ असते आणि बोरमाळेचे किंवा एकदाणीचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेले असतात. लाख नीट भरली नसेल त्या जागी स्टीलचा मारा पोचा पाडतो आणि तो बाहेरून काढता येत नाही. अशा मालाला आजही रिठा आणि नरम ब्रश हेच योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मोती, पोवळे आणि खाचेत लाखेवर बसवलेले खडे यांना तर कोणत्याच ड्रममध्ये जागा नाही.

पुढे चुंबकीय पॉलिशर आले आणि वादाला नवे वळण मिळाले. त्यातल्या पिना जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या असतात. तळाशी फिरणाऱ्या चुंबकामुळे त्या जाळीकामात आणि रव्यांच्या फटींत शिरतात आणि जिथे ब्रशचा केसही पोहोचत नाही ती जागा काही मिनिटांत साफ करतात. सपाट भागावर मात्र त्या बारीक ठिपक्यांची मंद कातडी सोडतात, जिला पुन्हा बफ लागतो. पोकळ मण्याच्या छिद्रातून पिन आत गेली आणि वाकली की ती हलवून निघत नाही. आकडीच्या सुईने टोचून काढावी लागते आणि त्यात छिद्राची कड फाटण्याची भीती असते. माध्यमाचा आकार छिद्राहून स्पष्टपणे मोठा किंवा स्पष्टपणे लहान हवा, हा जुना नियम येथे दुर्लक्षून चालत नाही. सिरॅमिकबाबत तो आणखी फसवा ठरतो, कारण सिरॅमिक झिजून लहान होत जाते आणि काल न अडकणारा तुकडा काही महिन्यांनी नेमका अडकतो.

अलीकडची घडामोड हॉलमार्कची आहे. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क 2000 सालापासून ऐच्छिक होता. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी ओळखक्रमांकाशिवाय नव्या दागिन्याची विक्री बंद झाली. हा क्रमांक लेझरने उमटवलेला, उथळ असतो. जुना दागिना उजाळ्यासाठी पुन्हा पेढीवर येतो तेव्हा कापणारे माध्यम वापरले, तर वजनासोबत ही खूणही पुसट होते. स्टीलच्या बाजूने हा एक नवा आणि खराखुरा युक्तिवाद आहे, छिजेच्या युक्तिवादापेक्षा अधिक प्रामाणिक. त्याच वेळी ज्या दागिन्यावर खोल ओरखडे आहेत त्याचा उजाळा स्टीलने होणार नाही, हेही ग्राहकाला सांगितले गेले पाहिजे. ते क्वचितच सांगितले जाते.

या सगळ्या वादात चांदी आणि पितळेत काम करणाऱ्या घरगुती कारागिरांची बाजू सर्वांत कमी ऐकू येते, जरी शहरात त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी वाढली आहे. त्यांच्याकडे लहान रबरी ड्रम असतो, त्यात साधारण किलोभर स्टेनलेस शॉट, शॉट बुडतील इतके पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण. त्यांच्यासाठी छीज हा प्रश्नच नाही, म्हणून त्यांची निवड खऱ्या अर्थाने पृष्ठभागावरून होते. ऑक्सिडाइज केलेल्या चांदीत स्टील उंचवटे उजळते आणि खाचांतला काळा रंग बहुतांशी राखते, तर सिरॅमिक तोच रंग खरवडून काढते. तारकामाला स्टीलच्या माऱ्याने थोडा ताठपणाही येतो. स्वस्तात मिळणारे साधे पोलादी शॉट घेण्याचा मोह त्यांनी टाळावा, कारण ते गंजतात आणि एकदा गंज धरलेल्या शॉटने पुढचा प्रत्येक घाणा करडा निघतो. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही आणि चांदीवर पांढुरके डाग राहतात. नळाचे किंवा गाळलेले पाणी वापरले की ती तक्रार बहुतेक संपते. स्टील आणि कापणारे माध्यम एकाच ड्रममध्ये आळीपाळीने वापरायचे असेल तर मधली धुलाई कसून करावी लागते, कारण रबराच्या खोबणीत राहिलेली सिरॅमिकची पूड स्टीलसोबत फिरली की ओप चढण्याऐवजी उतरतो.