लेनिनग्राड सिंफनी

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच (१९०६–७५) यांची सातवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना. चार भागांची ही रचना सव्वा तासाच्या आसपास चालते. जर्मन सैन्याने ८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडला (आताचे सेंट पीटर्सबर्ग) वेढा घातला, तेव्हा शोस्ताकोविच शहरातच होते. नजर अधू म्हणून लष्कराने त्यांना घेतले नाही, म्हणून ते संगीत विद्यालयाच्या अग्निशमन पथकात गेले. पहिले तीन भाग त्यांनी तिथेच लिहिले. त्यांना कुइबिशेव्हला (आताचे समारा) हलवल्यावर चौथा भाग डिसेंबरात पुरा झाला आणि पहिले वादनही त्याच गावी ५ मार्च १९४२ रोजी झाले. स्वरलिपीची मायक्रोफिल्म तेहरान व कैरोमार्गे अमेरिकेला पोचली.

पहिल्या भागाच्या मध्यावर छोट्या लष्करी ढोलाचा ठेका अगदी दबक्या आवाजात सुरू होतो. त्यावर एक बाळबोध धून येते. ती पुन्हा पुन्हा वाजते, दर खेपेला वाद्यांची भर पडते आणि शेवटी तीच धून अंगावर चाल करून येते. हे आक्रमण हिटलरचे, की त्यात स्टालिनची दडपशाहीही आहे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

वेढ्यातले वादन हे या रचनेच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान. हिवाळ्यात तिथे अनेकांना दिवसाला १२५ ग्रॅम पावावर जगावे लागले होते. शहरातला नामांकित वाद्यवृंद आधीच नोवोसिबिर्स्कला हलवलेला. उरला होता रेडिओचा, आणि त्यातले जेमतेम पंधरा जण वाजवू शकत होते. संचालक कार्ल एलियासबर्ग स्वतः उपासमारीने खंगलेले. भुकेमुळे तुतारीसारख्या वाद्यात फुंकर घालायला छातीत दम उरला नव्हता, त्यामुळे पहिली तालीम पंधरा मिनिटांत थांबवावी लागली. मग आघाडीवरून वाजवणारे सैनिक बोलावले, वादकांचा शिधा वाढवला. तरीही तालमींच्या काळात तिघे दगावले. संपूर्ण सिंफनी सलग वाजवून बघणे जमले ते एकदाच, कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी.

९ ऑगस्ट १९४२ रोजी सोव्हिएत तोफखान्याने आधी जर्मन तोफांवर मारा करून त्या गप्प केल्या. सभागृहातले वादन ध्वनिक्षेपकांवरून शहरभर आणि जर्मन फळीपर्यंतही ऐकवले गेले.

वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी उठला. वीस वर्षांनी त्याच तारखेला एलियासबर्ग आणि हयात असलेले बावीस वादक त्याच सभागृहात, आपापल्या जुन्या जागांवर बसून हीच सिंफनी पुन्हा वाजवत होते. ऐकायला शोस्ताकोविच आले होते.